पंचावन्न किलो दोनशे

आमच्या वाडीत ज्यांनी आयुष्यात काही 'बघितलं' नाही अशी माणसं शोधायला गेलात तर मी एकटी सापडेन. सासऱ्यांना पारावर कोणीतरी दिसायचं, जावेला विहिरीवर, आणि माझ्या नवऱ्याला दारू प्यायल्यावर कुठेही. मला त्र्याहत्तर वर्षांत काही दिसलं नाही. ओहोटीला खाडीत कालवं काढायला एकटी जायची, एकटी यायची. कोणी हाक मारली नाही, कोणी पाय धरला नाही.

इथे ग्रुपवर तुम्ही लोक जे भुताखेतांचे अनुभव लिहिता ते मी दुपारी फोनवर वाचते. खरं सांगते, निम्म्याहून जास्त थापा वाटतात. पांढऱ्या साडीतली बाई... त्या बाईला दुसरी साडी नाही का? तेव्हा माझं लिहिलेलं कोणाला थाप वाटलं तर मी रागावणार नाही. मी चौथी पास आहे. सजवून लिहिता येत नाही. झालं तसं लिहिते.

माझा मुलगा मिलिंद शारजात असतो. अल मजाजला चौदाव्या मजल्यावर घर आहे. सून अनघा पुण्याची, दुबई मरीनाला ऑफिसात होती. लग्न उशिरा झालं, त्यानंतरही आठ वर्षं काही नाही. मग यंदा दिवस राहिले. मी अळीव, डिंक, बाळंतशेपा असं सगळं बांधून जूनमध्ये इकडे आले. जुलैत, नववा महिना भरत आलेला असताना, पोटातच मूल गेलं. मुलगा होता.

ती दोन दिवस हॉस्पिटलात होती. त्या दोन दिवसांत मी काय केलं ते आधी सांगते, कारण सगळं त्यावर आहे. बाळासाठी सजवलेली खोली मी रिकामी केली. पाळणा, दुपटी, झबली, भिंतीवर चिकटवलेले हत्ती — सगळं काढलं. कपडे पिशव्यांत भरून खालच्या मजल्यावरच्या गरोदर बाईला देऊन टाकले. मिलिंदला बजावलं, "हा विषय घरात काढायचा नाही. नाव नाही, आठवण नाही. ती लवकर सावरेल."

मी ते वाईट मनाने केलं नाही. माझ्या वेळी असंच करायचे.

अनघा घरी आली. रिकाम्या खोलीच्या दारात उभी राहिली.

"आई, त्याचे कपडे कुठेयत?"

"दिले."

"कोणाला विचारून?"

त्यानंतर चार महिने तिचं माझ्याशी बोलणं म्हणजे "चहा ठेवलाय" आणि "औषध घेतलं का". एवढंच. मिलिंदशीही तसंच. नोकरी सोडली. नोव्हेंबरात तिने पुण्याचं तिकीट काढलं, रविवारचं. परतीचं काढलं नाही. मिलिंदने विचारलं, कधी येशील? ती म्हणाली, "बघू." ह्या 'बघू'चा अर्थ न कळण्याइतकी मी अडाणी नाही. माझ्यामुळे माझ्या मुलाचं घर मोडत होतं.

मिलिंदला उपाय काय सुचला, तर सहल! म्हणे रविवारच्या आधी तीन दिवस सगळे बेटावर जाऊ. चेंज होईल. मी म्हटलं, "अरे, ती माझ्याशी चौदाव्या मजल्यावर बोलत नाही, बेटावर काय बोलणार?" पण त्याने बुकिंग केलं होतं.

बेटाचं नाव लिहीत नाही. तिथल्या एका माणसाच्या नोकरीला धक्का लागायला नको. इथलंच आहे, आखातातलं. एक हॉटेल, खजुराची लावलेली झाडं, कडेने खारफुटी आणि निळं पाणी. जाहिरातीच्या फोटोत मालदीवसारखं दिसतं, उतरल्यावर उकाडा शारजाचाच.

तिथे जायला बारा माणसांचं पंख्याचं विमान आहे. एवढ्या लहान विमानात नुसतं सामान नाही, माणसंही वजन करून घेतात. कोणी पुढे बसायचं, कोणी मागे, ते पायलट वजन बघून ठरवतो. जाताना इकडच्या टर्मिनलवर मला काट्यावर उभं केलं. सेहेचाळीस. बरोबरच आहे, दहा वर्षं मी सेहेचाळीसच आहे.

बेटावरचा विमानतळ म्हणजे एक हॉल. आमच्या गावच्या शाळेएवढा असेल. प्लास्टिकच्या खुर्च्या, एक कॉफीचं मशीन, नमाजाची खोली आणि पासपोर्टवाल्यांची एक काचेची पेटी, कुलूप लावलेली. बाहेर मोठ्या अक्षरात 'इंटरनॅशनल' लिहिलंय. तिथे काउंटरवर जो माणूस होता तोच बाहेर येऊन सामान उतरवत होता. आमचं मराठी ऐकून म्हणाला, "कुठल्या गावच्या काकी?"

"दापोलीकडची."

"अरे! मी खेडचा. रफीक."

"मग इंटरनॅशनल कसं रे हे? एक माणूस आणि एक काटा."

"महिन्यात दोन विमानं बाहेरच्या देशातून थेट येतात, काकी. तेवढे दोन दिवस आम्ही इंटरनॅशनल. बाकी दिवस एसटी स्टँड."

मला तो आवडला. तिथे एकोणीस वर्षं आहे म्हणाला.

तीन दिवस काय झालं? काही नाही. अनघा खोलीत पडून होती, मिलिंद तिच्या दाराशी येरझाऱ्या घालत होता, आणि मी जेवत होते. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी एकटीच खारफुटीच्या बाजूला गेले. ओहोटी होती. चिखल उघडा पडला होता आणि त्याचा वास आला... तो आमच्या खाडीचा वास. सगळीकडच्या चिखलाचा तसाच असेल, मला काय माहीत. पण मी तिथेच बसले.

मला मिलिंदच्या आधी एक मुलगी होती. दीड वर्षाची झाली होती. ताप आला, झटके आले, दवाखान्याला न्यायला होडी मिळेपर्यंत संपलं. मी एकवीस वर्षांची होते. एवढ्या लहानांना जाळत नाहीत, पुरतात, आणि बायकांना नेत नाहीत. पुरुष तिला कापडात गुंडाळून खाडीकडे गेले आणि हात धुऊन परत आले. कुठे ठेवली ते मला सांगितलं नाही. दिवसकार्य नसतं. सासूने त्याच दिवशी तिची दोन झबली आणि बाळलेणं उचलून ठेवलं आणि म्हणाली, नाव काढायचं नाही, नाहीतर पुढचं टिकणार नाही. पुढचं, म्हणजे मिलिंद, व्हायला दहा वर्षं लागली. तोपर्यंत मला गप्प बसायची सवय झाली होती. नवरा गेला, सासू गेली. नाव माहीत असलेलं कोणी उरलं नाही.

त्या संध्याकाळी तिथे कोणी नव्हतं. मी मोठ्याने म्हटलं, "शशी."

काही झालं नाही. वारा सुटला नाही, पक्षी उडाले नाहीत. डास चावले म्हणून उठले आणि खोलीवर गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून माझी डावी बाजू भरून आल्यासारखी होती. मिलिंद म्हणाला, "आई, लंगडतेयस का?" मी म्हटलं, तुमच्या हॉटेलची गादी फार मऊ आहे. दुपारी तीनचं विमान होतं. दीडला आम्ही त्या हॉलमध्ये. आम्ही तिघं आणि चारपाच गोरी माणसं.

मिलिंदचं वजन झालं, अनघाचं झालं. ती लांब जाऊन खुर्चीवर फोन घेऊन बसली. मग मी.

"काकी, पिशवी खाली ठेवा."

"ठेवलीच आहे."

"मग हातात काय हाय?"

"हात रिकामे आहेत. दिसत नाही?"

रफीकने काट्याच्या आकड्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "पंचावन्न किलो दोनशे."

मिलिंद हसायला लागला. "आई, तीन दिवस बुफे चांगलाच हाणलास."

"नऊ किलो? मी काय म्हैस आहे?"

रफीकने मला उतरवलं. काटा शून्यावर आला. पुन्हा चढले. पंचावन्न किलो दोनशे. शाल काढली, चपला काढल्या. चपलांइतकंही कमी झालं नाही, आकडा तसाच. तो चाचरत म्हणाला, "काकी, सोनंबिनं काय...?"

"दोन पाटल्या आहेत. नऊ किलो सोनं असतं तर मी तुझ्या एसटी स्टँडवर उभी राहिले असते का?"

एक गोरा हसला. त्याला कळलं काहीच नव्हतं, पण हसला.

मग रफीकने आतून वीस किलोचं लोखंडी वजन आणलं. काटा तपासायला रोज सकाळी ठेवतात ते. ठेवलं. वीस बरोबर. स्वतः चढला. एकाहत्तर. "हा माझा रोजचा." मिलिंदला परत चढवलं. मघाशी ब्याऐंशी होता, आताही ब्याऐंशी. मग परत मी.

पंचावन्न किलो दोनशे.

तेवढ्यात पायलट 'चला' म्हणून घाई करायला दारातून डोकावला. "यल्ला, रफीक, यल्ला!" रफीकने हात वर करून त्याला थांबवलं.

मिलिंद वैतागला. "आई, तू हलतेयस. सरळ उभी राहा ना, म्हणून चुकतंय."

"मी हललेच नाही."

"आई..." हा आवाज अनघाचा. ती खुर्चीवरून उठून आली होती. चार महिन्यांत तिने मला पहिल्यांदा नीट बघितलं असेल. "तुम्ही हलताय. झोका देताय."

मी खाली बघितलं. खोटं कशाला सांगू, माझं मलाच माहीत नव्हतं. माझी कंबर डावीकडे बाहेर काढलेली होती, डावा हात कमरेशी वळलेला, आणि उजव्या हाताने मी थोपटत होते. हवेला. जिच्या कडेवर मूल असतं ती बाई जशी उभी राहते, तशी मी त्या काट्यावर उभी होते. किती वेळ, देव जाणे.

हात काढायला गेले. काढवेना. म्हणजे दुखला वगैरे नाही — काढला तर पडेल असं वाटलं.

अनघा अगदी जवळ आली. माझ्या डाव्या बाजूला बघत राहिली. तिथे काही नव्हतं, मलाही काही दिसत नव्हतं. मग तिने विचारलं, जसं आपण वाटेत कोणाच्या कडेवर पोर दिसलं की विचारतो, तशाच साध्या आवाजात.

"कोण आहे, आई?"

दुसऱ्या कोणी विचारलं असतं तर मी झापलं असतं.

"शशी," मी म्हटलं. "माझी पहिली. दीड वर्षाची होती."

"कोण शशी?" मिलिंद म्हणाला. बेचाळीस वर्षांचा माझा मुलगा. त्याला मोठी बहीण होती हे त्याला त्या हॉलमध्ये, वजनकाट्यापाशी कळलं. "आई, कोण शशी? तू कधी..." अनघाने त्याच्या दंडावर हात ठेवला.

रफीकने मान खाली घातली होती. त्याच्यासमोर प्रवाशांचा कागद होता. नाव, वजन, आणि शेवटी मांडीवरच्या बाळासाठी एक रकाना. त्याचं पेन त्या शेवटच्या रकान्यावर थोडा वेळ थांबलं. मग त्याने ते मागे वजनाच्या रकान्यावर आणलं.

"काकी, मी पंचावन्न दोनशेच लिहितो. काटा दाखवेल ते लिहायचं, असा इथला रूल हाय. मनाचं लिहिता येत नाय."

"लिही बाबा."

वजन जुळवायला त्याने हॉटेलचं एक खोकं विमानातून उतरवून घेतलं, पुढच्या विमानाने पाठवतो म्हणाला. मला हाताला धरून पायऱ्या चढवल्या, आणि डाव्या बाजूने नाही, उजव्या बाजूने धरलं. हे माझ्या नंतर लक्षात आलं.

विमानात अनघा मिलिंदच्या शेजारी बसली नाही, माझ्या शेजारी बसली. पंखे फिरायला लागले की त्या विमानात स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू येत नाही. बेट खाली गेलं. मी चार महिने जे विचारलं नव्हतं, कोणीच विचारलं नव्हतं, ते तिच्या कानाशी जाऊन विचारलं.

"किती जड होता गं?"

तिला ऐकू आलं की नाही कळेना. मग तिने दोन्ही हात पुढे करून दाखवलं, कसा धरला होता ते. एक हात डोक्याखाली, एक पायांखाली.

"नर्सने दहा मिनिटं दिला होता," ती ओरडून म्हणाली. ओरडावंच लागत होतं. "जड होता, आई! वाटलं नव्हतं इतका जड होता! केस होते! खूप केस!"

"मिलिंदलाही होते!"

"नखं वाढलेली होती त्याची!"

आणि मग ती रडायला लागली. चार महिन्यांचं एकदम. पुढे बसलेल्या गोऱ्या बाईने मागे वळून बघितलं, मी तिला हाताने 'पुढे बघ' म्हटलं. मी रडले नाही. मला येत नाही. मी अनघाला म्हटलं, "खोली मी रिकामी करायला नको होती. चुकलं माझं. मला तेवढंच शिकवलेलं होतं."

"असू दे" असं ती म्हणाली नाही. म्हणायला नकोच होतं. बऱ्याच वेळाने ती वाकली, माझ्या कानाला तोंड लावलं आणि त्याचं नाव सांगितलं. तिने ठरवून ठेवलेलं, मिलिंदलाही न सांगितलेलं. ते मी इथे लिहीत नाही. तिचं आहे ते.

विमान उतरलं, मी उठून उभी राहिले, आणि डावी बाजू हलकी होती. रोजच्यासारखी. लोकांना अशा वेळी बरं वाटतं म्हणे. मला नाही वाटलं. मी परत खाली बसले. "आई, चल ना," मिलिंद म्हणाला, तेव्हा उठले. घरी बाथरूमच्या काट्यावर उभी राहिले. सेहेचाळीस.

रविवारी अनघा पुण्याला गेली. तिकीट बदललं नाही, मी बदलायला सांगितलंही नाही. पण तेव्हापासून रोज चारला तिचा फोन येतो, आणि मिलिंदला नाही, मला. "आई, शशीचं सांगा ना." मग मी रोज एक काहीतरी आठवून सांगते. ताक प्यायली की मिशी यायची ते. कोंबडीला 'ये' म्हणायची ते. आठवत नाही असं वाटायचं, पण निघतं. मग ती त्याचं सांगते. पोटात असताना कुकरची शिट्टी झाली की लाथ मारायचा, वगैरे. तिच्याकडे सांगायला नऊच महिने आहेत, पण तेही पुरतात. परवा म्हणाली, "त्या खोलीला रंग देऊ नका हं इतक्यात. मी आल्यावर बघू."

मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. जास्त बोलून बिघडवायचं कशाला.

आता राहिलं काट्याचं. मिलिंद इंजिनीअर आहे, त्याने चार कारणं सांगितली. उष्णतेने होतं, फोनमुळे होतं, काट्याखाली खडा अडकतो, माणूस वाकडा उभा राहिला की होतं. मग बाकी सगळ्यांचं बरोबर कसं आलं, असं मी त्याला विचारलं. आता तो कारणं सांगत नाही. रफीकचा फोन आला होता, त्यांच्याकडे काटा तपासणारा माणूस येऊन गेला. काही दोष निघाला नाही. मला विचाराल तर मलाही माहीत नाही. मी अजूनही भूतबीत मानत नाही, आणि ते भूत होतं असं कोणी खाली लिहिलंत तर मला चालणार नाही. ती माझी मुलगी होती.

तिचा फोटो नाही. जन्माचा दाखला नाही, तेव्हा घरी झालेल्या मुलींचा कोण काढत होतं? रेशनकार्डावर नाव चढायच्या आत गेली. मी रफीकला विचारलं, तो त्या दिवसाचा कागद तुम्ही फाडून टाकता का? तो म्हणाला, "नाय काकी, फाईलला लावून ठेवतो." म्हटलं, ठेव. सेहेचाळीसच्या वर जे नऊ किलो दोनशे तिथे लिहिलंय, तेवढीच ती कुठल्याही कागदावर आहे.